होम बेस्ड की होमस्कूलिंग? शाळेतून दाखला काढायच्या आधी जरा वाचा

आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या बऱ्याच आईबाबांचा इथे गोंधळ होतो. मूल दिव्यांग, शाळेत काही जमत नाहीये, मग कोणीतरी म्हणतं होमस्कूलिंग करा, तिकडे शाळेतले सर म्हणतात होम बेस्डला टाकू या, आणि दोन्हीत पोरगं घरीच शिकणार म्हणून आपण धरून चालतो की एकच आहे. अजिबात नाही.

होम बेस्ड म्हणजे सरकारी सोय. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली आणि तीव्र दिव्यांग, बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकायचा पर्याय मिळाला. मूल घरी असलं तरी नाव शाळेच्या पटावरच राहतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक घरी येतात (किती नियमित येतात ते तालुक्यातालुक्यावर आहे, जास्त आशा ठेवू नका) आणि ते धडेच शिकवतील असं नाही, सेरेब्रल पाल्सीच्या मुलासाठी चमचा धरणं, बटण लावणं, तहान लागली की पाण्याच्या चित्रावर हात ठेवणं हाच अभ्यास.

होमस्कूलिंग मात्र पूर्ण तुमचं. कायद्यात बंदी नाही पण वेगळी तरतूदही नाही, म्हणजे शिक्षक येणार नाहीत, भत्ता नाही, काय शिकवायचं ते तुम्हीच बघायचं. आपल्याकडे यात अजून एक होतं, अमेरिकेतली ख्रिस्ती होमस्कूलची पुस्तकं भरमसाठ पैसे देऊन मागवतात आणि मग डॉलर-सेंटची गणितं पोराला कशी शिकवायची म्हणून डोकं धरून बसतात. कशाला? चर्चमध्ये गीतांचे नंबर लावलेला फळा असतो ना, गणिताच्या वहीला हातही न लावणारं ऑटिझमचं मूल तो नंबर बघून गीतपुस्तकात बरोबर पान काढतं, मागे जायचं की पुढे हे त्याचं त्याला कळतं, आता शतक-दशक-एकक अजून वेगळं काय असतं!

आणि अनुवाद ६:७ दाखवून "मुलांना घरीच शिकवा असं वचन आहे" म्हणणारे भेटतात. वचन आहेच, घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता देवाच्या आज्ञा मुलांना शिकवा, पण त्यात पटावरून नाव काढा असं कुठेय? होम बेस्डमध्येही सकाळची प्रार्थना, बायबल, सगळं होतंच की, त्याला कोणी अडवत नाही.

परीक्षेचं बघा. होमस्कूलवाले एनआयओएसकडे (राष्ट्रीय मुक्त शाळा) जातात, तिथे तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळीच्या परीक्षा आहेत आणि १४ पूर्ण झाली की दहावी. राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसायचा) पण आहे. लेखनिक, जादा वेळ मिळतो, पण दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढा, ते दोन्हीकडे कामाला येतं. दिव्यांगत्व ४०% किंवा जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. दाखला काढून घरी बसवलं तर हे सोडून दिल्यासारखंच.

डिस्लेक्सियावाल्यांनी (वाचन-लेखन अडतं ती मुलं) होम बेस्डच्या मागे लागू नका, ते तीव्र दिव्यांगांसाठी आहे. तुम्हाला शाळेत राहूनच परीक्षेत सवलती मिळतात, त्या शाळेने दिल्या नाहीत तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.