माळ घालणे (व्यसनमुक्ती)

वारकरी संप्रदायातील व्रतविधी. गळ्यात तुळशीची माळ घेऊन मद्य-मांस सोडणे आणि एकादशी, हरिपाठ, वारी पाळणे असे त्याचे स्वरूप असते. नाशिक जिल्ह्यात व्यसनी मुलाला ‘माळ घाल, सुटेल’ असे घरची वडीलधारी सांगतात. येथे कुमारवयीनांपुरताच विचार केला आहे.

माळेचा उगम वादग्रस्त आहे. संप्रदायात ती ज्ञानदेवकाळापासूनची मानतात. परंतु निवृत्तिनाथांना ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून मिळालेली दीक्षा नाथपंथी होती. त्या पंथाच्या खुणा मुद्रा (कानातली कुंडले), शैली (गळ्यातला लोकरीचा दोरा), शिंगी (शिंगाची पिपाणी) या होत. तुळस ही वैष्णव खूण. तुकारामांनी (वैकुंठगमन 1649 किंवा 1650) माळ-टिळ्याच्या दिखाऊपणावर कोरडे ओढले आहेत, म्हणजे सतराव्या शतकात ती सर्वांच्या ओळखीची झाली होती. माळ आणि मद्यत्याग ही आजची जोडी मात्र फड-दिंड्यांची (वारकऱ्यांच्या संघटित गटांची) घडी बसल्यावर, बहुधा एकोणिसाव्या शतकात, पक्की झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

माळ साधारणतः महाराजांच्या हातून, सप्ताहात किंवा त्र्यंबकेश्वरच्या पौष वद्य एकादशीच्या यात्रेत घेतात. ती तुटली तर नवी गळ्यात येईपर्यंत कित्येक जण अन्न घेत नाहीत.

व्रताच्या जुन्या यादीत तंबाखू नाही. तळहातावर चुना मळणारे माळकरी दिंडीत सर्रास दिसतात. मुलांची सुरुवात तर तिथूनच होते, आणि पुढे गुटखा (राज्यात 2012 पासून बंदी), हुंगायचा व्हाइटनर, एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ). ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखानाच पोलिसांनी उघडकीस आणला. त्यामुळे माळ देताना या पदार्थांची नावे घेऊन शपथ घालणे इष्ट.

माळेचा गुण मण्यांत कमी, चारचौघांच्या नजरेत जास्त. गळ्यात माळ दिसली की ओळखीचा टपरीवाला पुडी पुढे करीत नाही. नाक्यावर जाणारी संध्याकाळ हरिपाठात, पखवाजावर जाते. जबरीने घातलेली माळ मात्र कॉलरच्या वरच्या बटणाआड जाते.

अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांतही स्वतःहून मोठ्या शक्तीला शरण जाणे आहे. मद्य आणि आत्मा या दोहोंना लॅटिनमध्ये ‘स्पिरिटस’ हा एकच शब्द आहे, याकडे मानसशास्त्रज्ञ युंग यांनी संस्थेच्या संस्थापकांपैकी बिल विल्सन यांचे 1961 च्या पत्रात लक्ष वेधले होते. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2020 मधील आढाव्यात (27 अभ्यास, 10,565 व्यक्ती) ही पद्धत दारू पूर्ण सोडण्यात इतर उपचारांइतकी किंवा त्यांहून सरस ठरली. पण तो आढावा प्रौढांपुरताच होता.

दारू एकदम तोडल्यास झटके, भ्रम संभवतात. तेव्हा आधी डॉक्टर, मग माळ. अंगातली दारू उतरत असताना पहिल्याच एकादशीला मुलाला निर्जळी उपास धरायला लावणे धोक्याचे.