हेअरविंग फ्लाय : केसांचा पंख बांधायचं तंत्र

फ्लाय फिशिंग म्हणजे किडा किंवा लहान मासा वाटेल असं हलकं कृत्रिम आमिष, म्हणजे फ्लाय, गळावर बांधून केलेली मासेमारी. तिच्या गळावर पिसांऐवजी जनावराच्या केसांचा पंख बांधला की ती हेअरविंग फ्लाय. अमेरिकन पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस (यालाच बकटेल म्हणतात), खारीच्या आणि वासराच्या शेपटीचे, शेळीचे, खोकडाचे, काळ्या अस्वलाचे, असे बरेच केस चालतात. मूळ वापर अटलांटिक सॅमन आणि ट्राउटसाठी. पुण्याच्या आसपास हे दोन्ही मासे नाहीत, इकडचे हौशी लोक हेच तंत्र महसीर या नदीतल्या मोठ्या माशासाठी वापरतात.

उगमाबद्दल एकमत नाही. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट अमेरिकेतल्या आयडाहोची आहे, शिकागोचे वकील ए. एस. ट्रूड यांच्या रँचवर कार्टर हॅरिसन (हे शिकागोचे महापौर होते) यांनी गंमत म्हणून मोठ्या गळावर लाल लोकर आणि कुत्र्याचे केस बांधले, आणि त्या गमतीवर चक्क मासे लागायला लागले. त्या फ्लायला पुढे ट्रूड हेच नाव पडलं. साल साधारण १९०१ देतात, काही जण दोन-चार वर्षं पुढे नेतात. पण ही पहिली हेअरविंग असं म्हणणं पटत नाही. अमेरिकन फ्लाय बांधणारे थिओडोर गॉर्डन यांची बंबलपपी नावाची फ्लाय एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली मानतात आणि तिच्यातही केस होते. स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीकाठचे फ्लाय बांधणारे जेम्स राइट यांच्याशी जोडलेली गॅरी डॉग ही फ्लाय तर एका पाद्र्याच्या कुत्र्याच्या केसांवरून सुरू झाली असं सांगतात. तिची तारीख पक्की नाही, तरी राइट यांचा काळ पाहता ती ट्रूडच्या आधीची असणं जास्त शक्य वाटतं. थोडक्यात केस हाताशी असले की कुणीही ते गळाला बांधणारच, त्यामुळे एकच जनक शोधत बसण्यात फार अर्थ नाही, ट्रूड फक्त एका पद्धतीचं नाव म्हणून टिकलं.

प्रसार मात्र नक्की विसाव्या शतकातला. व्हिक्टोरियन सॅमन फ्लायमध्ये परदेशी पक्ष्यांची रंगीत पिसं एकावर एक जुळवून लावायचे, ती महाग असायची आणि ब्रिटनमध्ये १९२१ च्या कायद्याने पिसांच्या आयातीवर बंधनं आली. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक भागात जुन्या फ्लायचे साधे केसवाले अवतार रुळले, अमेरिकन मासेमार ली वुल्फ यांनी १९३० च्या सुमारास कोरड्या म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायलाही केसांचे पंख दिले.

आता बांधणी. गळ व्हाइसमध्ये (छोट्या शिकंज्यात) पकडून फ्लायची शेपूट, बॉडी वगैरे नेहमीप्रमाणे करून घ्यायचं, पंखाच्या जागी धाग्याचे थर देऊन पाया करायचा. केसांची चिमूट कातडीच्या अगदी जवळ कापायची आणि बुडाची मऊ लव बारीक कंगव्याने काढायची. हे टाळलं तर पंख जाडा होतो आणि बुडाशी धागा नीट बसत नाही. मग टोकं जुळवायची, त्यासाठी हेअर स्टॅकर नावाची नळी टेबलावर ठोकतात, वासराचे कुरळे केस मात्र तिच्यात नीट बसत नाहीत आणि सॅमनच्या फ्लायला टोकं थोडी वरखाली असलेलीच बरी दिसतात. लांबी साधारण गळाच्या वळणापर्यंत. बुडं तिरकी कापून पायावर वार्निश किंवा सुपरग्लूचा थेंब टाकायचा, चिमटीत धरून दोन सैल वेढे आणि मग घट्ट वेढे. धागा ओढताना केस पलीकडच्या बाजूला घसरतात, ही नवशिक्यांची कायमची तक्रार. यावर चांगला उपाय म्हणजे जाड जुडी एकदम न बांधता दोन बारीक जुड्या एकावर एक बांधणं, शिवाय एक वेढा गळाला न घालता फक्त केसांच्या बुडाभोवती फिरवला की पंख एकत्र राहतो.

केसांच्या जातीप्रमाणे हात बदलावा लागतो. हरणाच्या अंगावरचे केस आतून पोकळ असल्यामुळे धागा आवळला की ते छत्रीसारखे फुलतात, बकटेल फक्त बुडाकडे फुलतं, टोकाकडे नाही, म्हणून बांधायची जागा टोकाच्या बाजूला सरकवतात. खारीचे केस भरीव आणि गुळगुळीत, गोंद नसेल तर दोन मासे लागल्यावर उपटून येतात. पंख विरळच ठेवावा, पाण्यात हलला पाहिजे. दाट पंख हाताला मजबूत लागतो पण काठीसारखा ताठ राहतो.

पुण्यासंदर्भात सांगायचं तर दख्खनच्या महसीरचं वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून केलं होतं, आणि लोणावळ्याच्या वळवणला टाटा पॉवरचं महसीरची पिल्लं तयार करण्याचं केंद्र आहे. महसीरच्या घशातले दात दणकट, नाजूक पिसांचा पंख तो पटकन खराब करतो, त्यामुळे इथे केसच बरे. देहूला इंद्रायणीतले मासे देवाचे मानतात, तिथे गळ टाकायचा नाही, बाकी धरणांवरही आधी परवानगी बघावी. साहित्यापैकी धागा, वार्निश, मणी रविवार पेठेत मिळतात, शेळीचे केस मिळवणं कठीण नाही, बकटेल बाहेरून मागवावं लागतं. सांबर, चितळ किंवा शेकरूचे केस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अजिबात वापरू नयेत, जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. कृत्रिम केस हा सोपा पर्याय, ते पोकळ नसल्याने फुलत नाहीत, पण बुडाला गोंद जरा जास्त लागतो.