पार्श्वभूमी: अतिदक्षता विभाग आणि ‘दारूवरचं अवलंबित्व’ हा शब्द

दारू अचानक तुटल्यावर येणारा कंप, घाम आणि भ्रम यांचं सविस्तर वर्णन १८१३ साली छापून आलं. ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव तेव्हापासूनचं. हा त्रास दारूमुळे होतो की दारू थांबल्यामुळे, यावर मात्र पुढे शतकाहून जास्त काळ एकमत नव्हतं. दारुड्यांचं खाणंपिणं बिघडलेलं असतं, हा कुपोषणाचा परिणाम असावा, असंही अनेकांना वाटे. १९५५ च्या एका प्रयोगाने तो प्रश्न मिटवला. चांगलं जेवण मिळणाऱ्या माणसांना आठवडेच्या आठवडे दारू पाजून ती एकदम बंद केली, तेव्हा काहींना झटके आले, काहींना भास झाले. ही माणसं कैदी होती. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही आणि देऊही नये.

पुढची वाटचाल सर्वपरिचित आहे: बेन्झोडायझेपिन गटातली, मेंदू शांत करणारी औषधं आली, थायमिन (जीवनसत्त्व ब-१) देण्याची सवय रुजली, मृत्यू खूप घटले. आयसीयूमध्ये दारू पिणाऱ्या रुग्णांबाबत आजही जो गोंधळ दिसतो त्याचं मूळ औषधांपेक्षा शब्दांत जास्त आहे, म्हणून तिथे थोडं थांबावं लागेल.

१९६४ मध्ये एका जागतिक तज्ज्ञ समितीने ‘व्यसन’ आणि ‘सवय’ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून ‘अवलंबित्व’ हा शब्द सुचवला. १९७६ मध्ये त्याला लक्षणसमूहाचं रूप मिळालं: पिण्याची अनावर ओढ, वाढत गेलेली सहनशक्ती, दारू तुटल्यावरचा त्रास, तो टाळायला पुन्हा पिणं. १९९४ च्या अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात १२ महिन्यांतल्या सातपैकी तीन निकषांवर निदान होई आणि शारीरिक त्रास हा त्यातला केवळ एक निकष होता. म्हणजे कंप कधीच न आलेला माणूस ‘अवलंबित’ ठरू शकत होता, आणि दारू तुटताच झटके येणारा माणूस बाकीचे निकष जुळले नाहीत म्हणून यादीबाहेर राहू शकत होता. २०१३ मध्ये त्याच वर्गीकरणाने ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ एकत्र करून अकरा निकषांचा एकच विकार केला. दोन जुळले तरी निदान. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात मात्र ‘अवलंबित्व’ कायम आहे. मराठीत तर हे सगळं ‘व्यसन’ या एकाच शब्दात कोंबलं जातं, आणि त्या शब्दाला बोल लावल्याचा वास येतो. नातेवाईक ‘कधीतरी घेतात’ एवढंच सांगून गप्प बसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

या सगळ्या व्याख्या समोर बसून उत्तर देणाऱ्या माणसासाठी केलेल्या आहेत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ‘पिण्याची ओढ वाटते का’ हे विचारायचं कसं? दारू तुटल्यावरचा त्रास मोजणारी १९८९ ची दहा मुद्द्यांची, ६७ गुणांची मोजपट्टीही मळमळ, अस्वस्थता, भास यांबद्दल रुग्णालाच विचारते. १९९४ मध्ये तिच्या आधारे लक्षणं दिसतील तेव्हाच औषध देऊन पाहिलं, तर उपचारांचा मध्यक कालावधी ६८ तासांवरून ९ तासांवर आला. मोठंच यश होतं ते. पण त्यातले १०१ रुग्ण दारू सोडण्यासाठी दाखल झालेले, बोलू शकणारे होते. ती पद्धत इतर वॉर्डांत आणि मग आयसीयूत जशीच्या तशी नेणं ही माझ्या मते चूक होती. २००८ मध्ये एका मोठ्या रुग्णालयात ही पद्धत वापरलेल्या १२४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अलीकडे दारू घेतलेली असणं आणि बोलता येणं या दोन्ही अटी निम्म्याहून कमी रुग्णांनी पूर्ण केल्या होत्या.

घाम, धडधड आणि बडबड हे सेप्सिसमध्येही (जंतुसंसर्गाने शरीरभर बिघाड होतो तेव्हा) असतं, वेदनेतही असतं, आयसीयूतल्या साध्या भ्रमातही असतं. तिथे ‘दारू पितो’ एवढ्या नोंदीवर गुंगीची औषधं वाढवत नेली तर श्वास मंदावतो, खरं कारण झाकलं जातं. उलट बाजूही तितकीच धोक्याची आहे: नोंदच नसेल तर एक-दोन दिवसांत येणारा झटका कुणाच्या ध्यानीमनी नसतो.

आयसीयूत दारूचा संबंध मेंदूपुरताच नाही, फुप्फुसांशीही आहे, हे १९९६ मध्ये समोर आलं. गंभीर फुप्फुसविकाराचा धोका असलेल्या ३५१ रुग्णांपैकी, दीर्घकाळ दारूचा गैरवापर करणाऱ्या ४३ टक्क्यांना तो विकार झाला, इतरांपैकी २२ टक्क्यांना. नोंद पुन्हा ‘गैरवापरा’ची, अवलंबित्वाची नव्हे.

आता रक्तातल्या फॉस्फॅटिडिलएथेनॉल या, दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या पदार्थावरून मागच्या काही आठवड्यांतलं पिणं कळतं, रुग्ण बेशुद्ध असला तरी. शरीर दारूला किती सरावलंय, हे मात्र त्यातून कळत नाही. २०२१ साली बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिने व्हेंटिलेटरवरचे ३१४ रुग्ण निवडताना अवलंबित्वाचा निकष लावलाच नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पिणं एवढंच पाहिलं. बेचैनीचे प्रसंग आलेल्या रुग्णांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं, पण औषध घेतलेले रुग्ण आयसीयूत जास्त दिवस राहिले.