गाण्याने लॅक्टिक अ‍ॅसिड निघत नाही

यवतेश्वरचा घाट पळून आलं की इअरफोन लावून पडायचं, संथ गाण्यांनी पायांतलं लॅक्टिक अ‍ॅसिड लवकर निघून जातं, असं साताऱ्यात पळणारे एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आलेत. तसं होत नाही. रक्तात वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिडचं शरीरातलं रूप) नुसतं बसून राहिलं तरी साधारण तासाभरात पूर्ववत होतं. हलकं चालत राहिलं तर आणखी लवकर, कारण चालते स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात, त्याचा लॅक्टेटशी संबंध नाही. घाट उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं. म्हणून चढापेक्षा उतार महागात पडतो. कोणताही राग ते तंतू जोडत नाही.

संथ गाण्याने मन शांत होतं, श्वास ठिकाणावर येतो. तेवढ्यासाठी जरूर ऐका. पण आधी दहा-पंधरा मिनिटं चाला. एकदम थांबून उभे राहिलात तर रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते. पळताना घामावाटे घटलेल्या प्रत्येक किलो वजनामागे सव्वा ते दीड लिटर पाणी, चिमूटभर मीठ घालून, थोडं थोडं प्या.