ओतकामातील धोके (बेळगाव परिसर)

ओतकामातील धोके : बीड (ओतीव लोखंड) व पोलाद वितळवून वाळूच्या साच्यांत यंत्रांचे सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यांत, म्हणजे फाउंड्रीत, काम करणाऱ्यांना होणारे अपघात आणि त्या कामामुळे जडणारे आजार. कर्नाटकाच्या सीमाभागात हा विषय मुख्यतः बेळगाव शहराशी निगडित आहे. उद्यमबाग, खानापूर रस्त्यावरील मच्छे आणि पुणे–बंगळूर महामार्गालगतचे होनगा या औद्योगिक वसाहतींत लहानमोठ्या अनेक फाउंड्री असून पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स आणि वाहनांचे भाग येथे ओतले जातात. येळ्ळूर, मजगाव, पिरनवाडी, देसूर, किणये अशा गावांतून, तसेच सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातून माणसे येथे कामाला येतात. भट्टी, नॉकआउट (साचा फोडून ओतलेला भाग बाहेर काढणे), फेटलिंग (तो भाग घासून साफ करणे) या जड कामांवर परप्रांतीय कामगारही असतात. दगडखाणी, साखर कारखान्यांचे बॉयलर, ऊसतोड, निपाणीकडील तंबाखूच्या वखारी ही जिल्ह्यातील इतर जोखमीची कामे होत; मात्र भाजणे, चिरडणे, बहिरेपणा आणि फुप्फुसाचा असाध्य रोग हे सगळे एकाच छपराखाली फाउंड्रीतच आढळते.

वितळलेले बीड साच्यात ओतताना त्याचे तापमान साधारण १,३५० ते १,४५० अंश सेल्सिअस असते. लहान कारखान्यांत ते अजूनही हाताने ओतले जाते. लांब दांड्याच्या कड्यात बसवलेले लॅडल, म्हणजे रस ओतण्याचे भांडे, दोघे जण दोन बाजूंनी धरतात, भट्टीपाशी रस भरून घेतात आणि जमिनीवर ओळीने मांडलेल्या साच्यांमधल्या अरुंद वाटेने चालत एकेका साच्याच्या तोंडात धार सोडतात. मागच्याचे पाऊल पुढच्याच्या पावलाशी जुळावे लागते. मध्येच धार तुटली तर कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, वाया जाते, त्यामुळे ठिणगी बुटात शिरली तरी साचा भरेपर्यंत लॅडल न सोडण्याची सवय अंगी बाणलेली असते आणि पायाच्या घोट्याजवळचे भाजल्याचे जुने डाग हे या कामाचे ठरलेले लक्षण असते. पॅन्ट बुटात खोचू नये, ती बुटावरून खाली सोडावी, म्हणजे सांडलेला रस आत न जाता बाहेर ओघळतो. टेरिकॉट किंवा नायलॉनचा कपडा वितळून कातडीला चिकटतो, म्हणून अंगावर जाड सुती कपडाच हवा. या दोन गोष्टींना फारसा खर्च लागत नाही, तरीही अनेक ठिकाणी त्या पाळल्या जात नाहीत.

रस ओतण्याच्या कामात पाण्याइतका मोठा वैरी नाही. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते; त्यामुळे वितळलेल्या रसाखाली थोडेसे पाणी अडकले तरी रस स्फोटासारखा उसळतो. बेळगाव–खानापूरकडचा पाऊस या दृष्टीने विशेष जोखमीचा ठरतो. जून ते सप्टेंबर उघड्यावर पडलेली भंगाराची रास ओली राहते, गंजलेल्या नळ्यांत व पत्र्यांच्या घड्यांत पाणी साचते, आणि तेच भंगार घाईने भट्टीत टाकले की अपघात होतो. पावसाळ्यात भंगार छपराखाली ठेवणे, भट्टीत टाकण्यापूर्वी तापवून कोरडे करणे, दोन्ही तोंडे बंद असलेले नळकांडे किंवा जुना शॉकअब्सॉर्बर आधी कापून घेणे ही कामे भट्टीवाल्याने नव्हे, तर भंगार निवडणाऱ्याने करायची असतात. हा निवडणारा बहुधा सर्वांत नवा आणि सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो.

जुन्या क्युपोला भट्टीत कोक जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि कोंदट जागी तो जीवघेणा ठरतो. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीने हा त्रास कमी केला, पण दुसरा धोका आणला. या भट्टीभोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून थंड ठेवण्यासाठी सतत पाणी खेळवलेले असते आणि कॉइल व रस यांच्यामध्ये फक्त अस्तराचा थर असतो. हे अस्तर झिजले किंवा त्याला तडा गेला की रस कॉइलपर्यंत पोहोचतो. अस्तर किती हीट (भट्टीतील एकेका वेळचे वितळण) टिकले याची नोंद ठेवून ते वेळेवर बदलणे हाच यावरचा उपाय होय. मागणीच्या दिवसांत मात्र ‘आणखी एक हीट काढू’ असे म्हणून बदल पुढे ढकलला जातो. रात्रीची वीज स्वस्त पडत असल्याने अनेक ठिकाणी लोखंड रात्री वितळवले जाते, आणि तेव्हा अनुभवी पर्यवेक्षक कारखान्यात असेलच असे नाही.

भाजण्याचा अपघात सगळ्यांना दिसतो, त्याची चर्चा होते, कधी वर्तमानपत्रात बातमीही येते. फाउंड्रीत माणसांचे सर्वाधिक नुकसान करते ती मात्र धूळ. साच्याच्या वाळूत मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका, असते. ओली वाळू तुलनेने निरुपद्रवी असते. रस ओतल्यावर ती भाजते, कोरडी पडते, तिचे कण फुटतात आणि नॉकआउटच्या वेळी साचा फोडला की त्यांचा धुरळा उडतो. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासून काढताना, भट्टीचे जुने अस्तर फोडताना व नवे ठोकून भरताना आणि संध्याकाळी जमीन कोरडी झाडताना हीच धूळ पुन्हा हवेत जाते. यांपैकी डोळ्यांना दिसते ती जाडी धूळ नाकाघशात अडते. पाच मायक्रॉनहून लहान कण दिसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात आणि फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. तेथे पेशी त्यांना नष्ट करू शकत नाहीत. त्या प्रयत्नात स्वतःच मरतात, त्या जागी तंतुमय गाठी बनतात आणि फुप्फुस हळूहळू कडक होते. हाच सिलिकोसिस. नेहमीच्या प्रकारात तो दहा किंवा अधिक वर्षांनी प्रकट होतो, धूळ फार असल्यास पाच वर्षांतही होतो, आणि काम सोडल्यानंतरही वाढत राहतो. त्याला औषध नाही. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोग होण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते आणि क्ष-किरण चित्रातही दोन्ही सारखे दिसू शकतात. त्यामुळे गावच्या दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, खोकला जात नाही, आणि माणूस पूर्वी कोठे कामाला होता हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकी सिलिका आणि लोखंड-पोलादाच्या ओतकामात काम करताना येणारा घातक घटकांशी संपर्क या दोहोंना मानवात निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात ठेवले आहे.

तोंडाला बांधलेला रुमाल या कणांपुढे निरुपयोगी असतो. धूळ जेथे निर्माण होते तेथेच शोषून घेणारी यंत्रणा, कोरड्या झाडूऐवजी पाण्याचा शिडकावा किंवा औद्योगिक व्हॅक्यूम, आणि त्यानंतर चेहऱ्यावर घट्ट बसणारा योग्य दर्जाचा श्वसनमास्क, असा उपायांचा क्रम हवा. प्रत्यक्षात मास्क आधी येतो आणि बहुतेक वेळा तेथेच सगळे थांबते. उन्हाळ्यात भट्टीजवळ आठ तास मास्क लावून राहणे किती कठीण आहे, हे त्या जागी काही वेळ उभे राहिल्यावर समजते. मास्क काढणाऱ्या कामगाराला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे.

ग्राइंडर व व्हायब्रेटरच्या आवाजाने येणारा बहिरेपणा, कंपनांमुळे बोटांना येणारा सुन्नपणा, कोअर (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी साच्यात बसवायचा वाळूचा ठोकळा) बनवताना रेझिनमधून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइडमुळे होणारी डोळ्यांची व श्वासाची जळजळ, साच्यांचे जड बॉक्स उचलून होणारे कंबरेचे विकार, ग्राइंडरचे चाक फुटणे, क्रेनची साखळी तुटणे हे उरलेले धोके होत.

या धोक्यांचे मूळ मजुरीच्या पद्धतीतही आहे. मोल्डिंग (साचे बनवणे) व फेटलिंग ही कामे अनेकदा ठेकेदारामार्फत, नगावर किंवा वजनावर, उक्ती दिली जातात. जितके नग तितके पैसे, म्हणून सुरक्षेसाठी थांबणारा प्रत्येक क्षण कामगाराच्या खिशातून जातो. ठेकेदार बदलला की हजेरीपट बदलतो, आणि माणूस त्याच जागी, त्याच धुळीत काम करत असतानाही कागदावर नवखा ठरतो.

कायद्यात याची दखल आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सिलिकोसिस हा कळवण्यास बंधनकारक रोग ठरवला; कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला तो असल्याचे वाटल्यास तपासणाऱ्या डॉक्टराने मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवावे, अशी त्यात तरतूद होती. सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावेत, हेही त्याच अधिनियमात होते. मराठी, कन्नड व हिंदी बोलणारी माणसे एकाच भट्टीवर असलेल्या बेळगावात हा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये रोग कळवण्याचे कर्तव्य कायम आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कर्मचारी राज्य विमा योजना लागू असून तिच्यात कामावरील इजेमुळे येणाऱ्या तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. सीमेमुळे एक वेगळा गुंता निर्माण झाला आहे. उद्यमबागेतील कारखाना कर्नाटकाच्या कारखाने व बाष्पके खात्याच्या अखत्यारीत, तर वेंगुर्ले रस्त्याने थोड्याच अंतरावर असलेल्या चंदगड तालुक्यातील शिनोळीचा कारखाना महाराष्ट्राच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अखत्यारीत येतो. दोन्हीकडे काम केलेल्या माणसाला धुळीचा हिशेब दोन राज्यांच्या कार्यालयांत, दोन भाषांतल्या कागदांवर मांडावा लागतो.

एकापेक्षा अधिक मालकांकडे काम करून सिलिकोसिस जडला असल्यास भरपाईचा भार त्यांच्यात वाटून देण्याची तरतूद १९२३ च्या भरपाई अधिनियमात होती. पण त्यासाठी प्रत्येक ठिकाणच्या कामाचा पुरावा लागतो. विमा योजनेतील कामगाराचा क्रमांक कारखाना बदलला तरी तोच राहतो, म्हणून ठेकेदाराच्या माणसांचीही त्या योजनेत नोंद होणे भरपाईच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. कामावर घेताना आणि सोडताना काढलेली छातीची क्ष-किरण चित्रे, पगाराच्या पावत्या आणि ओळखपत्रे ज्याच्याजवळ आहेत, त्याचा दावा उभा राहू शकतो. ज्याच्याजवळ यांपैकी काहीही नाही, त्याच्या घरच्यांना सोबतच्या कामगारांच्या साक्षीवर अवलंबून राहावे लागते, आणि सोबती परप्रांतात परतलेले असतील तर ती साक्षही मिळणे दुरापास्त होते.