हात जपण्याचा सल्ला आणि व्यायामाची भीती

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर अनेक स्त्रिया व्यायाम टाळतात आणि घरचे त्याला आळस म्हणतात, हे अन्यायाचे आहे. त्यांच्या मनातली भीती बऱ्याच अंशी डॉक्टरांच्या सल्ल्यातूनच आली आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिका ग्रंथी, म्हणजे शरीरातला लसिका नावाचा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठीही काढल्या जात. लसिका द्रवाचा निचरा अडला की हात सुजे, जड होई आणि पोलक्याची बाही चढेनाशी होई. ही सूज बहुधा कायमची राहत असल्याने ओझे उचलू नका, मूल कडेवर घेऊ नका, हात सतत वापरू नका, असे सांगितले जाऊ लागले. सल्ला काळजीपोटीच दिला जाई, पण त्यामागे चाचणीचा आधार नव्हता. १९७१ पासून अमेरिकी शल्यविशारद बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांमुळे शस्त्रक्रिया आटोपशीर होत गेली, तरी सल्ला तसाच राहिला.

त्याला पहिले ठळक आव्हान दिले ते कॅनडातील व्हँकुव्हरचे क्रीडावैद्यक डॉन मॅकेन्झी यांनी. १९९६ मध्ये त्यांनी उपचार घेतलेल्या २४ स्त्रियांना ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवले. ज्या हातांनी जोर लावू नये असे बजावले होते, त्याच हातांना सारखा जोर लावावा लागेल, म्हणूनच हा खेळ निवडला होता. कोणालाही नव्याने सूज आली नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे खरे. ती उणीव २००९ साली अमेरिकी संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांच्या चाचणीने भरून काढली. आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी वजने उचलणाऱ्या गटात सूज बळावण्याचे प्रमाण १४ टक्के, तर न उचलणाऱ्यांत २९ टक्के आढळले.

थकव्याचेही असेच झाले. केमोथेरपी चालू असताना पडून राहावे, हे सर्वांनाच स्वाभाविक वाटे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ओहायोत संशोधक मॅरिल विनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी अशा स्त्रियांना दहा आठवडे व्यायामाची सायकल चालवायला लावली, तेव्हा त्यांची शारीरिक क्षमता वाढलेली दिसली.

मात्र पुरावा छापून आला म्हणून भीती जात नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडल्याप्रमाणे, 'हे मला जमेल' हा विश्वास मुख्यतः स्वतः करून पाहिल्यानेच येतो. आणि वर्षानुवर्षे हात जपलेल्या बाईला ती संधीच मिळालेली नसते. त्यात शरीराबद्दलचा संकोच असतो. एक बाजू सपाट झालेली, केस गळालेले, अशा अवस्थेत बागेत चालायला निघालेल्या बाईचे निम्मे लक्ष पदर सावरण्यातच जाते. आपल्याकडे 'जड उचलू नकोस' हे वाक्य सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्या मायेने म्हणतात, त्यामुळे ते मोडणे आणखी अवघड जाते.

म्हणून करून पाहण्याची ती संधी जपून द्यावी लागते. श्मिट्झ यांच्या चाचणीत पहिले तेरा आठवडे प्रशिक्षक शेजारी असे, वजन अगदी थोड्यापासून सुरू होई, दाब देणारी बाही हातावर असे, आणि त्रास झाला नाही तरच पुढचे वजन दिले जाई.