वेतन-संरक्षणाचा कायदा आणि मानवी हक्क : पार्श्वभूमी

भारताचा वेतन प्रदान अधिनियम 1936 चा, तर याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार (क्रमांक 95) 1949 चा. म्हणजे येथे देशी कायदा जागतिक मानकाच्या तेरा वर्षे आधीचा आहे. त्याच्या मुळाशी मुंबईच्या गिरण्यांतली गाऱ्हाणी होती. पगार लांबे, क्षुल्लक कारणांवरून दंड कापला जाई आणि विणताना कापड बिघडले, तर ते विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून वळती केली जाई. 1929 मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाने अशा तक्रारींची दखल घेतली. आयोगाचे सदस्य नारायण मल्हार जोशी हे 1919 च्या वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. त्यामुळे देशी कायदा आणि जागतिक मानके हे दोन प्रवाह अगदीच परस्परांना अनोळखी नव्हते.

या कायद्याने पगाराची मुदत बांधली आणि दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, पण आरंभी तो मुख्यतः कारखाने आणि रेल्वेतील, दरमहा 200 रुपयांच्या आत वेतन असणाऱ्यांपुरता होता. शेतमजूर त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याने 1948 मध्ये, अनुच्छेद 23 मध्ये, माणसाच्या प्रतिष्ठेला साजेसे जीवन शक्य करणारा मोबदला हा हक्क मानला. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या 1966 च्या करारात भारत 1979 मध्ये सामील झाला. मजुरी चलनी पैशांत आणि थेट कामगाराच्या हाती द्यावी, असे सांगणाऱ्या करार क्रमांक 95 ला मात्र त्याने अनुसमर्थन (म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक असल्याची औपचारिक मान्यता) दिले नाही.

ही उणीव काही अंशी न्यायालयाने भरून काढली. 1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी दिल्लीत चाललेल्या बांधकामांवर मजुराची 9 रुपये 25 पैसे ही रोजची मजुरी मजूर पुरवणाऱ्या जमादाराकडे जाई. तो रुपयाभर दलाली कापून 8 रुपये 25 पैसे हातावर ठेवी. सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारांचा आधार घेत, पण त्यांच्याही पुढे जाऊन, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 ने निषिद्ध ठरवलेले सक्तीचे श्रमच, असा निर्णय दिला. पोटाची नड हीसुद्धा सक्तीच, हा त्यातला युक्तिवाद मोलाचा आहे. (दोन्हीकडे अनुच्छेद 23 असणे हा निव्वळ योगायोग.)

पुढे 2019 च्या वेतन संहितेने जुना अधिनियम आपल्यात सामावून घेतला, वेतनमर्यादेची अट काढून टाकली आणि नियोक्त्याने (उदाहरणार्थ कंत्राटदाराने) पैसे थकवल्यास आस्थापनेच्या मालकाला जबाबदार धरले.